वेल्समध्ये लँडायलोजवळ एका जुन्या इस्टेटवर चार दिवस कॉटेज घेतली आहे. आई-बाबा सोबत आहेत, गाडी भाड्याने घेऊ. आसपास बघण्यासारखं काही आहे, की सरळ स्नोडोनियाला जावं?

स्नोडोनियाला जाऊ नका. जायला तीनेक तास, यायला तीन, रस्ता सगळा वळणांचा, आणि पोचल्यावर डोंगर बहुधा ढगात.

हा प्रश्न माझ्या मेव्हण्यानेच विचारलाय की काय असं वाटलं, म्हणून लिहायला बसलो. तो रेडिंगला असतो. "वेल्समध्ये मेंढ्या आणि पाऊस, बाकी काय?" हे तो आमच्या स्वान्झीच्या घरी, आमच्याच टेबलावर जेवताना ऐकवतो. सासरे इकडे आले तेव्हा त्याने त्यांना कॉन्वी आणि कायर्नार्व्हनचे किल्ले दाखवून आणले. अण्णा म्हणजे जन्मभर सह्याद्रीतले गड चढलेला माणूस. परत आल्यावर म्हणाले, "बांधकाम भक्कम आहे. पण हे तर इंग्रजांच्या राजाने ह्या लोकांना दाबात ठेवायला बांधलेलं. ह्यांचे स्वतःचे गड कुठायत?" मेव्हणा मोबाइलमध्ये बघायला लागला.

ते गड तुमच्या कॉटेजच्या दारात आहेत. दुसऱ्या दिवशी मी अण्णांना दिनेव्हरला घेऊन गेलो. टावी नदीच्या वर, झाडीत. दक्षिण वेल्सच्या देहाइबार्थ राज्याची ही गादी. इथला राज्यकर्ता रीस आप ग्रिफिद ११९७ मध्ये वारला. तो होता तोवर इंग्रजांच्या राजालाही त्याच्याशी जुळवून घ्यावं लागलं. १२७७ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. पुढच्या जमीनदारांनी गोल बुरुजाच्या डोक्यावर मौजेसाठी खिडक्यांची खोली बांधली, तिचे अवशेष अजून दिसतात. अण्णा त्या खिडक्यांकडे बघून जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. खाली न्यूटन हाउस आहे, मूळ १६६० चं. ते बघितलं नाही तरी चालेल. हरणं आणि ती पांढरीशुभ्र, काळ्या कानांची गुरं मात्र आईंना नक्की दाखवा.

मग कॅरेग केनेन. नदीपासून नव्वदेक मीटर सरळ तुटलेला चुनखडीचा कडा आणि त्यावर किल्ला. खालच्या शेतातून खडी चढण आहे. मेव्हणा दर वळणावर थांबून "व्ह्यू बघतोय" म्हणत होता, अण्णा पुढे गेले होते. वर गेल्यावर कड्याच्या पोटातून एक दगडी बोळ जातो आणि खाली नैसर्गिक गुहेत उतरतो. आत मिट्ट काळोख. टॉर्च घेऊन अण्णा पार शेवटपर्यंत गेले, पाण्याचा थेंब थेंब झरा बघून आले आणि म्हणाले, "एवढ्यावर शिबंदी जगत नाही. टाकी कुठे खोदलीत ते बघू." त्या टाक्यांच्या शोधात तास गेला. मेव्हणा गाडीत जाऊन बसला होता.

हा किल्ला १४६२ मध्ये पाचशे माणसं लावून पहारी-कुदळींनी पाडला, म्हणजे शत्रूला पुन्हा आसरा मिळू नये. हे ऐकल्यावर अण्णांनी लगेच १८१८ काढलं: कंपनी सरकारने आपल्या गडांच्या वाटा नि दरवाजे उडवले ते ह्याचसाठी. पण त्यांना खरी मजा वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. १९६० च्या दशकात इथली शेतजमीन विकली तेव्हा वकिलांच्या कागदपत्रांतल्या चुकीने किल्लाही शेताबरोबर गेला, आणि आजही तो शेतकरी कुटुंबाच्याच मालकीचा आहे. "सातबाऱ्यावर किल्ला!" परतीच्या वाटेवर अण्णा मध्येच आठवून हसत होते.

आता जी जागा मेव्हण्याशी कायमचं वाकडं करून गेली ती. पॅक्स्टनचा मनोरा. विल्यम पॅक्स्टन कलकत्त्याच्या टांकसाळीवर अधिकारी होता. तिकडे गब्बर होऊन आला आणि इथे मिडलटन हॉलची अख्खी इस्टेट घेतली. १८०२ च्या निवडणुकीत त्याने मतदारांना ३६,९०१ जेवणं आणि २५,२७५ गॅलन बिअर घातली. तरी पडला. (बिर्याणी वाटणारे आपण एकटेच नाही.) नंतर ब्रिटिश आरमाराच्या सेनापती नेल्सनच्या नावाने टेकडीवर हा तिकोनी मनोरा उभारला. मेव्हणा म्हणाला, "पण किती छान ठेवलंय, आपल्याकडे असतं तर?" अण्णा म्हणाले, "आपल्याकडेच असायला हवं होतं." माझं मत अण्णांच्या बाजूने. आजही.

मिडलटन हॉल १९३१ मध्ये जळाला. त्या जागेवर २००० सालापासून वेल्सची राष्ट्रीय बोटॅनिकल गार्डन आहे. वास्तुकार नॉर्मन फॉस्टरच्या फर्मने आखलेलं तिथलं काचगृह मधे एकही खांब नसलेलं, जगात सगळ्यात मोठं. पाऊस लागला तर आई-बाबांना तिथेच न्या.

चार दिवस पुरतील. लिन इ व्हान व्हाख हे डोंगराच्या कुशीतलं तळं तुम्ही दोघं करून या. वाट फार अवघड नाही, पण चाल बरीच आहे.

बाबांचे गुडघे दुखत असतील तर कॅरेग केनेन खालूनच दाखवा, शेतावर चहाची सोय आहे. निघण्याआधी वेळा बघून घ्या, हिवाळ्यात तर नक्कीच. गाडी भाड्याने घेताय ते उत्तम. लँडायलोला रेल्वे आहे, पण दिवसाला मोजक्याच गाड्या. आणि मेव्हणा दरवेळी काढतो म्हणून सांगून टाकतो: कॅरेग केनेनवर आज जे उभं आहे ते इंग्रजांच्याच सरदाराने बांधलेलं, वेल्शांचा गड त्याआधीचा. पॅक्स्टनने कारमार्थेन गावाला नळाचं पाणीही आणलं, हेही खरं. मनोरा फुकट बघायला मिळतो. तिकीट असतं तर मी काढलं नसतं.