वाचकांचे प्रश्न : बास्केटबॉल संघाला श्रेणी देताना

आमच्या महाविद्यालयाच्या संघाने गेल्या पाचपैकी तीन सामने जिंकले, सरासरी ६८ गुण केले. यावरून संघाला कोणती श्रेणी द्यावी? (एक वाचक, नागपूर)

एवढ्यावरून कोणतीच देऊ नका. ६८ गुण किती पझेशनमध्ये झाले, हे आधी काढावं लागेल. पझेशन म्हणजे चेंडू आपल्याकडे आल्यापासून समोरच्याकडे जाईपर्यंतची एक पाळी. धावत खेळणारा संघ ८५ पझेशनमध्ये ६८ गुण करत असेल, तर शंभरामागे ८० पडतात. संथ खेळणाऱ्या संघाने तेवढेच गुण ७० पझेशनमध्ये केले, तर शंभरामागे ९७. धावफलक सारखाच, पण पहिल्याचं आक्रमण सुमार आणि दुसऱ्याचं बऱ्यापैकी चांगलं.

पझेशन मोजायला सूत्र आहे : मारलेले शॉट, अधिक ०.४४ गुणिले फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट), वजा आक्रमणातले रिबाउंड (आपला हुकलेला चेंडू पुन्हा आपणच पकडणं), अधिक टर्नओव्हर (शॉट न मारताच चेंडू गमावणं). समजा ६२ शॉट, १० फ्री थ्रो, ९ आक्रमक रिबाउंड आणि १६ टर्नओव्हर आहेत. ६२ + ४.४ − ९ + १६ म्हणजे ७३.४. गुण ५८ असतील तर शंभरामागे ७९. ०.४४ अशासाठी की प्रत्येक फ्री थ्रोने पाळी संपत नाही. दोनपैकी पहिल्यानंतर चेंडू आपलाच असतो, आणि बास्केट होऊन वर मिळालेला एक फ्री थ्रो त्याच पाळीत मोडतो. प्रतिस्पर्ध्याचाही हाच आकडा काढा. ती तुमच्या बचावाची श्रेणी.

मग कारण शोधायचं. त्यासाठी चार गोष्टी पुरतात : शॉटची अचूकता, टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड आणि फ्री थ्रो. साधारण ४०, २५, २०, १५ असं वजन धरतात. अचूकता काढताना तीन गुणांच्या बास्केटला दीडपट मोल द्या : एकूण बास्केट अधिक तिनांच्या बास्केटची निम्मी संख्या, भागिले मारलेले शॉट.

२०२३च्या एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) अंतिम मालिकेतला पाचवा सामना बघा. डेन्व्हर नगेट्सने मायामी हीटला ९४-८९ असं हरवलं आणि ४-१ने किताब घेतला. त्या रात्री डेन्व्हरने ८४पैकी ३८ शॉट घातले, तिनांचे २८पैकी फक्त ५, फ्री थ्रो २३पैकी १३. सूत्राने अचूकता येते ४८ टक्के. फ्री थ्रोवरच दहा गुण सांडले. किताब मिळाला म्हणून या आक्रमणाला ‘अ’ देणं चुकीचं; ते ‘क’च. सामना बचावाने जिंकला. मायामीचे जेमतेम ३४ टक्के शॉट पडले, आणि शेवटच्या दोन मिनिटांत डेन्व्हरच्या ब्रूस ब्राउनने आक्रमक रिबाउंड घेऊन बास्केट केली तेव्हा आघाडी हाती आली. निकाल आणि श्रेणी या दोन वेगळ्या नोंदी आहेत. त्या एकाच रकान्यात लिहू नका.

त्याच डेन्व्हर संघातल्या खेळाडूंना त्या अंतिम मालिकेसाठी तुम्ही काय श्रेणी द्याल, आणि का? (एक वाचक, पुणे)

खेळाडूला नेमून दिलेलं काम काय होतं, ते आधी लिहा. श्रेणी त्याच्यापुढे लिहा. सगळ्यांना एकाच फुटपट्टीने मोजलं तर ज्याच्या हातात चेंडू जास्त तोच नेहमी वर येतो.

निकोला योकिच : अ अधिक. पाच सामन्यांत सरासरी ३०.२ गुण, १४ रिबाउंड, ७.२ असिस्ट (ज्या पासवर सहकारी लगेच बास्केट करतो तो पास). सगळं आक्रमण त्याच्यातून वाहत असतानाही ५८ टक्के शॉट पडले, हे गुणांपेक्षा मोठं.

जमाल मरी : अ. पहिल्या चार सामन्यांत असिस्ट १०, १०, १०, १२. चौथ्या सामन्यात तो १५ गुणांवर थांबला, म्हणून कुणी त्याला खाली ओढेल. पण मायामी त्याच्यावर दोघे सोडत होतं, त्याने चेंडू वेळेवर सोडला आणि १२ असिस्टसोबत एकही टर्नओव्हर केला नाही. मला ती त्याच्या तिसऱ्या सामन्यातल्या ३४ गुणांइतकीच मोलाची कामगिरी वाटते.

आरन गॉर्डन : अ. त्याचं काम समोरच्या संघातल्या धिप्पाड आक्रमकाला रोखणं आणि बास्केटजवळ योकिचच्या पासवर तयार राहणं. चौथ्या सामन्यातले २७ गुण ही वरकमाई; ते नसते तरी त्याची श्रेणी फारशी घसरली नसती.

मायकल पोर्टर ज्युनियर : ब. इथेच खरा वाद आहे. त्याला घेतलंय नेमबाजीसाठी, आणि नेमकी तीच हरवली. पहिल्या सामन्यात तिनांचे ११पैकी २, तिसऱ्या सामन्यात एकूण २ गुण. नुसतं मुख्य काम पाहिलं तर ‘क’. पण पहिल्या आणि पाचव्या सामन्यात त्याने प्रत्येकी १३ रिबाउंड घेतले. नेम चुकत असताना दुसरं काम अंगावर घेणाऱ्याला एक पायरी वर चढवायलाच हवी. शिवाय तो उभा आहे म्हणून बचावपटूला त्याच्याजवळ राहावं लागतं आणि योकिचला जागा मिळते. ही जागा कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप : ब अधिक. शेवटच्या सामन्यात ९०-८९ असताना त्याने मायामीच्या जिमी बटलरचा पास पळवला आणि दोन्ही फ्री थ्रो घातले.

राखीव खेळाडू : अ उणे. तिसऱ्या सामन्यात नवोदित ख्रिश्चन ब्राउनचे १५ गुण, ८पैकी ७ शॉट. चौथ्यात योकिच पाचव्या फाउलमुळे बाहेर बसला असताना आघाडी टिकली, आणि ब्रूस ब्राउनने २१पैकी ११ गुण शेवटच्या क्वार्टरमध्ये केले.

योकिचने ४०च्या वर गुण केले की डेन्व्हर हरतं, असं तेव्हा फार बोललं गेलं. मग त्याला जास्त गुण करू देणं हाच चांगला बचाव का? (एक वाचक, कोल्हापूर)

त्या प्लेऑफमध्ये (किताबासाठीच्या बाद फेऱ्यांत) तीनदा तसं घडलं हे खरं : मिनेसोटाविरुद्ध ४३, फिनिक्सविरुद्ध ५३, मायामीविरुद्ध दुसऱ्या सामन्यात ४१, आणि तिन्ही वेळा हार. पण आतले तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. मायामीविरुद्ध त्याचे असिस्ट फक्त ४, म्हणजे सहकाऱ्यांना तोडण्याचा डाव लागू पडला असं म्हणता येईल. फिनिक्सविरुद्ध मात्र ५३ गुणांसोबत ११ असिस्ट होते. तिथे सहकारी उपाशी नव्हते. डेव्हिन बुकर आणि केव्हिन ड्युरंट यांनी प्रत्येकी ३६ गुण केले आणि डेन्व्हरने १२९ गुण दिले. हार बचावाची होती. तीन सामने हा नियम बांधायला फार थोडा ऐवज आहे.

बचावाला श्रेणी देताना आणखी एक सापळा असतो. मायामीने पहिल्या सामन्यात तिनांचे ३९पैकी १३ घातले, दुसऱ्यात ३५पैकी १७. मॅक्स स्ट्रसचे पहिल्यात ९पैकी शून्य, दुसऱ्यात चार. दुसऱ्या सामन्यात डेन्व्हरच्या बचावात गफलती झाल्याच, पण पहिल्यातही बरेच शॉट मोकळे होते, फक्त पडले नाहीत. म्हणून शॉट पडला की हुकला यापेक्षा नेमबाजासमोर हात होता का, हे नोंदवा. मोकळा शॉट हुकला तरी बचावाचा गुण कापायचा.

प्लस-मायनसवर कितपत भरवसा ठेवावा? (एक प्रशिक्षक, ठाणे)

एका सामन्यापुरता अजिबात नको. खेळाडू मैदानावर असताना संघ किती गुणांनी पुढे-मागे गेला एवढंच तो सांगतो. तुमचा राखीव खेळाडू कायम उत्तम चौघांसोबत उतरत असेल तर त्याचा आकडा फुगतो. आठ-दहा सामने साठवा, तेही कोण कोणासोबत होतं ते लिहून, आणि दोन खेळाडूंची तुलना बाकीचे चौघे तेच असतील तेवढ्याच मिनिटांची करा.

शाळेच्या संघासाठी या नोंदी ठेवायच्या कशा? अधिकृत स्कोअरशीटवर तर रिबाउंडच नसतात. (एक क्रीडाशिक्षक, सांगली)

बरोबर, त्यावर गुण, फाउल आणि टाइमआउट असतात. हुकलेले शॉट, रिबाउंड, टर्नओव्हर नसतात. त्यासाठी दोन माणसं बसवा. एकाने नजर न हलवता बोलायचं, ‘सात, डावा कोपरा, हुकला, रिबाउंड बारा’, आणि दुसऱ्याने लिहायचं. एकटा माणूस लिहायला मान खाली घालतो आणि नेमका पुढचा टर्नओव्हर सुटतो. राखीव खेळाडूंना हे काम देऊ नका. मध्येच मैदानात जावं लागलं की वही अर्धवट राहते.

प्रत्येक क्वार्टरला अर्ध्या मैदानाचं नवं चित्र घ्या. शॉट मारला त्या जागी जर्सीचा क्रमांक लिहा, पडला तर गोल, हुकला तर फुली.

चुका ठरलेल्या असतात. शॉट मारताना फाउल झाला आणि चेंडू पडला नाही, तर तो शॉट मोजायचा नाही, फक्त फ्री थ्रो मोजायचे. पडला तर मोजायचा. पास घेणाऱ्याने दोघांना चकवून बास्केट केली तर पास देणाऱ्याला असिस्ट नाही. हुकलेला चेंडू कुणाच्याही हाती न लागता बाहेर गेला, तर तो संघाचा रिबाउंड, कुणा एकाचा नाही.

सामना संपल्यावर वही मिटण्याआधी दोन ताळे करा. दोन, तीन आणि एक गुणांच्या बास्केटची बेरीज धावफलकाशी जुळली पाहिजे. आणि समोरच्यांचे हुकलेले शॉट (फ्री थ्रो शेवटचा असेल तरच धरा) हे आपले बचावातले रिबाउंड अधिक त्यांचे आक्रमक रिबाउंड, संघाचे धरून, एवढेच यायला हवेत. क्वार्टर संपताना हवेत असलेल्या शॉटमुळे एक-दोनचा फरक पडू शकतो. पाच-सहाचा फरक आला तर कुठलं तरी क्वार्टर नीट लिहिलेलं नाही. त्या सामन्याचे रिबाउंड श्रेणीत धरू नका, बाकीचं धरा.