बंजारा तांड्यावर पहिलीचा वर्ग मिळालाय, तर

मॅडम, पहिले १५ दिवस पाटी-पुस्तकाची घाई करू नका. पोरगं गप्प बसलं की आपण 'मठ्ठ' म्हणून मोकळे होतो. मीही व्हायचो. एक मुलगी दोन महिने तोंडच उघडेना. एकदा चित्रातल्या आईवर बोट ठेवून विचारलं, "तुमच्या बोलीत हिला काय म्हणतात गं?" "याडी," म्हणाली, आणि मग थांबेचना! तिला सगळं येत होतं, मराठी तेवढी येत नव्हती. तेव्हापासून हजेरीच्या मागच्या पानावर गोरमाटी, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीतले, शब्द टिपून ठेवतो.

दिवाळीच्या आसपास पट गळेल. आईबाप ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलला परततात. सोबत जाणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड (ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं) द्याच, पण कार्ड दिलं म्हणजे मूल तिकडे शाळेत बसलं असं नाही; फोन करून विचारत राहा. आजीपाशी मागे राहिलेल्यांना जास्त जपा. ती उगाच मारामाऱ्या करतात, रडायचं मात्र टाळतात.

पेंगणाऱ्याला ओरडण्याआधी विचारा, सकाळी काही खाल्लंय का? मी तर गणित खिचडीनंतर घेतो.

छडी कपाटातही नको. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. 'मठ्ठ' मी त्यातच धरतो.

आणि एप्रिलमध्ये परतलेल्याला लगेच धडा वाचायला लावू नका. एका मोळीत किती ऊस, गाडीत किती मोळ्या, ते विचारा.