आर्थिक चक्रांवर किती विसंबायचं?

चक्रांचे तक्ते पुढ्यात घेऊन तुम्ही पुढच्या मंदीचं साल शोधताय, तिथेच जरा थांबा. तेजी-मंदी ठरावीक काळाने फिरून येते, असं मांडणारे तीन अभ्यासक आहेत. झुग्लारचं 7 ते 11 वर्षांचं चक्र, किचिनचं सुमारे 40 महिन्यांचं, कोंद्रातिएफच्या 45 ते 60 वर्षांच्या लाटा, हे सगळं वाचाच. पण तारखांसाठी नको, कारणांसाठी वाचा.

किचिनचंच घ्या. मागणी वाढली की घाऊक व्यापारी जास्त माल मागवतो, कारखाना पाळ्या वाढवतो. माल पोचेपर्यंत गिऱ्हाईक ओसरलेलं असतं. गोदाम भरलेलं, पैसा अडकलेला. मग नवी ऑर्डर बंद आणि कारखान्यात कामगारांना बसवून ठेवायची वेळ. हे एकदा डोक्यात बसलं की कंपनीचे हिशेब उघडल्यावर विक्रीपेक्षा साठा वेगाने वाढतोय का, इकडे नजर आपोआप जाते. माझ्या मते या सिद्धांतांचा खरा उपयोग हाच.

तारखांचं मात्र अवघड आहे. अमेरिकेत डिसेंबर 2007 मध्ये मंदी सुरू झाली, हे तिथल्या तेजी-मंदीच्या तारखा ठरवणाऱ्या समितीने जाहीर केलं 1 डिसेंबर 2008 ला. वर्षभराने! आणि तिथलीच 2020 ची मंदी कुठल्या चक्रात बसवणार? ती विषाणूमुळे आली, दोनच महिने टिकली. कोंद्रातिएफच्या लाटांची तर जेमतेम चार-पाच आवर्तनं हाताशी आहेत. तेवढ्यावर नियम कसा बांधायचा?

तेव्हा मंदी येणार म्हणून चालू एसआयपी (म्युच्युअल फंडात ठरावीक काळाने होणारी ठरावीक गुंतवणूक) बंद करू नका, आणि तेजीला अजून तीन वर्षं आहेत म्हणून कर्ज काढून शेअर तर मुळीच घेऊ नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढलाय का, ते आधी सांगा.