सीबीसीच्या आकड्यावरून कॅन्सर किती जोरात आहे ते कळतं का?

प्रश्न : आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. अण्णा ६६ वर्षांचे. संडासवाटे रक्त जायचं ते मूळव्याध समजून पाच-सहा महिने अंगावर काढलं, शेवटी मिरजेत कोलोनोस्कोपी केली तर मोठ्या आतड्यात गाठ निघाली आणि बायोप्सीत कॅन्सर आला. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये सीबीसीत (रक्तपेशींची मोजणी) न्यूट्रोफिल ७८ टक्के, लिम्फोसाइट १३ (दोन्ही पांढऱ्या पेशी), शिवाय सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन) २४, अल्बुमिन (रक्तातलं प्रथिन) ३.१. चुलतभावाने न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागून ६ काढला आणि म्हणाला ३ च्या वर म्हणजे जोरात पसरणारा कॅन्सर. तेव्हापासून अण्णांच्या घशाखाली घास उतरत नाही. दाढ सुजलीय म्हणून त्यांना गोळ्या चालू आहेत, ते वेगळंच. शेजारचे म्हणतात हळदीच्या कॅप्सूल द्या, आतली सूज उतरते. देऊ का?

उत्तर : ताई, तुम्ही 'ते वेगळंच' म्हणून जी दाढ सोडून दिलीत ना, मला आधी तिच्याबद्दलच बोलायचंय. दाढेत पू झाला की न्यूट्रोफिल वाढतात, सीआरपी वाढतो, म्हणजे भागाकारही वाढतो. त्या ६ मधलं दाढेचं किती आणि गाठीचं किती हे कागदावरून कोणालाच वेगळं काढता येत नाही. स्टेरॉइड घेतलं तरी हा आकडा चढतो. आणि दाढेचं आजच सर्जनना आणि भूलतज्ज्ञांना सांगा, ऑपरेशनआधी त्यांना ते कळायलाच हवं.

चुलतभाऊ अगदीच चुकीचं बोलत नाहीये. कॅन्सर आणि सूज यांचा संबंध फिरशॉ या जर्मन डॉक्टरने १८६३ मध्येच मांडला होता. गाठीमुळे शरीरात इंटरल्युकिन-६ सारखी रसायनं वाढतात, ती लिव्हरला सीआरपी जास्त आणि अल्बुमिन कमी बनवायला लावतात, शिवाय कॅन्सरशी लढणारे लिम्फोसाइट कमी पडतात, म्हणून ज्यांचा भागाकार जास्त त्यांचा आजार सरासरीने अवघड जातो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पण ती सरासरी आहे, शेकडो पेशंटची, तुमच्या एकट्या अण्णांची नाही. आणि धोक्याची रेघ कोणी ३ वर मारतं, कोणी ५ वर.

आजार किती पुढे गेलाय ते सीटी स्कॅन आणि ऑपरेशननंतरची पॅथॉलॉजी सांगते. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, लसिका गाठींत (आतड्याजवळच्या लिम्फ नोडमध्ये) कॅन्सरच्या पेशी सापडल्या का (किमान १२ लसिका गाठी तपासलेल्या असाव्यात, हे जरूर विचारा), रक्तवाहिन्यांत शिरकाव आहे का, एमएमआर तपासणी (गाठीच्या पेशींची डीएनएतल्या चुका दुरुस्त करायची यंत्रणा शाबूत आहे का ते बघणारी) काय म्हणते. स्टेज यावर ठरते, सीबीसीवर नाही.

मला खरी काळजी वाटते ती अल्बुमिन ३.१ ची. ते कमी असलं की गाठ काढल्यावर आतड्याची टोकं जोडतात तो जोड भरून यायला त्रास होऊ शकतो. थोडं सुजेमुळे उतरलं असेल, थोडं न खाण्यामुळे, आणि अण्णा त्या सहाच्या आकड्याने जेवण सोडून बसले असतील तर आधी त्यांना जेवायला बसवा. अंडी, दूध, पनीर, मुगाचं वरण, जे आवडेल ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. डायबेटिस किंवा किडनीचं काही असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारून.

हळद भाजीत असू दे, सांगलीच्या माणसाला हळद सोडा कोण सांगणार, पण कॅप्सूल नको. जास्त डोसमध्ये काही लोकांच्या लिव्हरला इजा झालेली आहे आणि रक्तस्रावाचाही धोका असतो, ऑपरेशन तोंडावर असताना तो कशाला घ्यायचा?

ऑपरेशननंतर सीआरपी १०० च्या पुढे गेला तरी घाबरू नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत तो चढतोच. त्यानंतर मात्र उतरायला लागला पाहिजे, नाही उतरला तर डॉक्टर जोड गळतोय का किंवा इन्फेक्शन आहे का ते बघतात. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना युनिट बघा, लिटरमागे २४ मिलिग्रॅम म्हणजेच डेसिलिटरमागे २.४, नाहीतर उगाच सीआरपी दसपट उतरला असं वाटायचं.

आणि तुम्ही भावंडं चाळिशीला आला असाल तर अण्णांचं ऑपरेशन पार पडल्यावर स्वतःच्या कोलोनोस्कोपीबद्दलही त्याच डॉक्टरांशी बोलून घ्या.