जुनी ई४६ कूपे ट्रॅकसाठी तयार करताना पैसे आधी कुठे घालावेत?

प्रश्न: जर्मनीत नोकरीला आहे. २००२ सालची बीएमडब्ल्यू ३३०सीआय कूपे (ई४६), मॅन्युअल गिअरची, नुकतीच घेतली. १,८०,००० किमी झाली आहे. वर्षातून चार-पाच ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी हौसेने पळवायचे दिवस) करायचे आहेत, शर्यतीत उतरायचं नाही. गाडी रोज कामावरही न्यायची आहे. चार हजार युरो घालायची तयारी आहे. एक्झॉस्ट, एअर इनटेक आणि ईसीयू रीमॅप (इंजिनाच्या संगणकाचं सेटिंग बदलणं) यांपासून सुरुवात करू का?

उत्तर:

नको. ही तिन्ही कामं यादीतून खोडा. चार हजारांतला बहुतेक पैसा ब्रेक, कूलिंग, डिकीखालचा पत्रा आणि रबरी बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) यांत जाऊ द्या. तुमच्या गाडीतलं एम५४ इंजिन तीन लिटरचं, सरळ सहा सिलिंडरचं, २३१ अश्वशक्तीचं आहे. टर्बो नसलेल्या अशा इंजिनातून रीमॅप आणि इनटेक मिळून फार तर दहा-पंधरा अश्वशक्ती वाढते, तीही वरच्या आरपीएमला. नवख्या चालकाला ती जाणवतसुद्धा नाही. मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट तर उलट नडतो. इथल्या ट्रॅकवर आवाजाला मर्यादा असते, बिल्स्टर बेर्गसारख्या ठिकाणी ती फार काटेकोरपणे पाळली जाते, आणि गाडी मर्यादेत बसली नाही तर पैसे भरूनही बाहेर थांबावं लागतं.

इथे आलेल्या आपल्या लोकांचा एक समज मी वारंवार ऐकतो: गाडी ऑटोबानवर अर्धा तास दोनशेने पळाली, म्हणजे ट्रॅकला तयार आहे. ऑटोबानवर इंजिनाला भरपूर हवा मिळते आणि ब्रेक जवळजवळ थंडच असतात. हॉकेनहाइमचा ट्रॅक ४.५७४ किमीचा आहे. त्यात पाराबोलिकाच्या शेवटी तुमची गाडी दोनशेच्या आसपास असेल, आणि लगेच पुढे श्पित्सकेर, म्हणजे साठ-सत्तरने घ्यायचं अगदी घट्ट वळण. चालकासकट गाडी साडेपंधराशे किलो धरली, तर २०० वरून ६० वर येताना २० लाख ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. त्यातला सत्तर टक्के भाग पुढच्या दोन डिस्कवर जातो. एका डिस्कचं वजन आठ-नऊ किलो. हिशेब केला, तर त्या एका ब्रेकिंगमध्ये पुढची प्रत्येक डिस्क दीडशे ते दोनशे अंशांनी तापते. ती थंड व्हायच्या आत पुढचं वळण येतं, आणि हेच वीस मिनिटं चालतं.

म्हणून पहिलं काम ब्रेक ऑइलचं. ते हवेतली आर्द्रता शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ च्या मानकात नव्या ऑइलला किमान २३० अंश आणि पाणी शोषलेल्या ऑइलला किमान १५५ अंश एवढीच अट आहे. जुनं ऑइल कॅलिपरमध्ये (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) उकळलं की वाफेचे बुडबुडे तयार होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पेडल तळाला जाऊन टेकतं. तेव्हा तुम्ही दोनशेवर असता. ट्रॅकसाठी ३०० अंशांच्या वर उकळणारी ऑइलं मिळतात. मोटूल आरबीएफ ६०० किंवा कॅस्ट्रॉल एसआरएफ घ्या. पहिलं स्वस्त आहे पण लवकर पाणी धरतं, दुसरं महाग आहे पण पाणी शोषल्यावरही बराच काळ टिकतं. मात्र डॉट ५ हे सिलिकॉनचं ऑइल या गाडीत घालायचं नाही.

कॅलिपर बदलू नका. ३३० ला पुढे ३२५ मिमीच्या डिस्क आहेत, नवख्याला त्या पुरतात. चांगल्या प्रतीच्या साध्या डिस्क बसवा. भोकं पाडलेल्या डिस्कना ट्रॅकवर भोकांपासूनच चिरा जातात. रबरी ब्रेक होज वीस वर्षांचे असतील तर तेही बदला. पॅड जास्त तापमान सोसणारे हवेत, पण जर्मनीत एक अडचण आहे: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीच्या पॅडला ईसीई-आर९० ची मान्यता लागते आणि ट्रॅकचे बरेच पॅड त्यात बसत नाहीत. मान्यता असलेले स्पोर्ट पॅड घ्या, नाहीतर पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) पॅड बदलायला शिका. हात बसला की पुढच्या दोन चाकांना फार वेळ लागत नाही.

आता कूलिंग. ई४६ चं खरं दुखणं इथे आहे. एक्स्पान्शन टँक प्लास्टिकचा, रेडिएटरच्या कडा प्लास्टिकच्या, काही वॉटर पंपांचा इम्पेलरही प्लास्टिकचा. हे सगळं एक लाख किलोमीटरच्या सुमारास ठिसूळ होतं. आधीच्या मालकाने बदलल्याची बिलं नसतील, तर टँक, झाकण, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज आणि बेल्ट एकदमच बदला. एकेक सुटा भाग बदलत बसू नका, कारण एक नवा झाला की दाब पुढच्या कमकुवत भागावर येतो. या कामाला टाळाटाळ नको असं मी इतक्या आग्रहाने म्हणतो, कारण एम५४ चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. इंजिन एकदा प्रमाणाबाहेर तापलं की हेडच्या बोल्टचे ब्लॉकमधले आटे निघून येतात, आणि मग इंजिनाची दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या वर जाते.

शिवाय डॅशबोर्डवरच्या सुईवर भरवसा ठेवू नका. बीएमडब्ल्यूने ती मुद्दाम स्थिर केली आहे. कूलंट ८० अंशांवर असो की १०५ वर, सुई मधोमधच दिसते, आणि ती हलेपर्यंत उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला एक स्वस्त रीडर लावून खरं तापमान फोनवर दिसू द्या.

इंजिनातल्या आणखी दोन गोष्टी बघा. इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) डिसा नावाची एक झडप असते. तिची पिन झिजून सुटली की तुकडे थेट सिलिंडरमध्ये जातात. ती काढून हातात घ्या, खुळखुळत असेल तर नवी घाला. आणि इंजिन ऑइल. लांब वळणात ऑइल सम्पच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगना ऑइल मिळत नाही. पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ठेवा आणि प्रत्येक सत्रानंतर तपासा. ही इंजिनं ऑइल पितात. पुढे कधी सम्प खाली उतरलाच, तर त्यात बॅफल (ऑइल अडवणारी आडभिंत) बसवून घ्या आणि ऑइल पंपाच्या स्प्रॉकेटचा नट तारेने बांधून घ्या, कारण सततच्या वरच्या आरपीएमला तो सैल होतो.

यानंतर जे काम सांगतो ते बहुतेक लोक शेवटी करतात. मागचा सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा, डिकीखालच्या पातळ पत्र्याला चार ठिकाणी बोल्टने धरलेला असतो. ॲक्सिलरेटर दाबला, सोडला, दाबला की तो पत्रा दोन्ही दिशांनी पिळला जातो, आणि वर्षानुवर्षांच्या पिळण्याने स्पॉट वेल्डच्या कडेने भेगा पडतात. ई४६ ची ही रचनेतलीच उणीव आहे. रोजच्या वापरात ती हळू वाढते, ट्रॅकवर झपाट्याने. गिअर बदलताना मागून 'टक्' असा आवाज येत असेल तर तो या भेगांचा असू शकतो. सबफ्रेम खाली उतरवून, पत्र्यावरचं सीलर खरवडून, प्रत्येक माउंटिंग डोळ्यांनी बघायचं. नुसतं टॉर्च मारून समाधान मानायचं नाही. भेगा बारीक असतील तर वेल्ड करून वरून जाड पत्र्याच्या प्लेट बसवतात. हे काम बॉडीचं वेल्डिंग जाणणाऱ्यालाच द्या आणि सुरू करण्याआधी ट्यूफच्या (गाड्यांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या संस्थेच्या) तपासनिसाशी बोलून घ्या. हे होईपर्यंत मागे कडक पॉलियुरेथेन बुश घालू नका. रबर जो धक्का गिळत होतं, तो मग सरळ त्याच पत्र्यावर जातो.

एवढं झालं की सस्पेन्शन. १,८०,००० किमीनंतर पुढच्या लोअर आर्मचे बुश आणि मागच्या ट्रेलिंग आर्मचे बुश गेलेलेच असतात. ब्रेक लावताना गाडीचं मागचं अंग वळवळतं, ते बहुधा या ट्रेलिंग आर्मच्या बुशमुळे. नवे रबरी बुश आणि नवे शॉक अब्सॉर्बर घातले तरी गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारते. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा संच) पुढच्या वर्षी. स्वस्तातला कॉइलओव्हर सेट घेण्यापेक्षा बिलस्टाइनचे बी८ आणि त्याला जुळणाऱ्या, किंचित ठेंगण्या स्प्रिंग घ्या. रोज ऑफिसला जायचं आहे, तुमची पाठही जपायला हवी.

अलाइनमेंटवर मात्र पैसे वाचवू नका. पुढे मॅकफर्सन स्ट्रट जातीचं सस्पेन्शन आहे, वळणात गाडी झुकली की टायरच्या बाहेरच्या कडेवर सगळा भार येतो आणि एका दिवसात ती कड झिजून जाते. कॅम्बर प्लेट लावून पुढे उणे अडीच अंशांच्या आसपास कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकाव, आणला तर टायर टिकतो आणि गाडी वळणात नाक आत घेते. मागे दीड-पावणेदोन पुरे. तुमच्या गाडीला मागे रुंद आणि पुढे अरुंद टायर असतील, तर चारही २२५/४५ आर१७ करा. गाडी समतोल वळते आणि टायर पुढे-मागे फिरवता येतात. सेमी-स्लिक (कमी खाचांचे, ट्रॅकसाठीचे टायर) इतक्यात नकोत. चांगला रस्त्याचा टायर घसरायच्या आधी ओरडून सांगतो, आणि शिकताना तो इशारा फार मोलाचा असतो.

सीट आणि पट्ट्यांबद्दल मला काळजी वाटते, म्हणून स्पष्ट लिहितो. मूळ सीटवर चार-पॉइंट हार्नेस बांधू नका. धडक झाली तर शरीर कंबरपट्ट्याखालून घसरतं. रोल केज (गाडीच्या आत बसवायचा नळ्यांचा पिंजरा) लावून रोज रस्त्यावर चालवू नका. हेल्मेट नसताना कूपेच्या बुटक्या छपराखाली डोकं त्या नळीवर आपटलं तर साध्या अपघातातही जीव जाऊ शकतो. तुमच्या वापराला मूळचा तीन-पॉइंट पट्टा, मूळच्या एअरबॅग आणि चांगलं हेल्मेट एवढंच योग्य आहे. डीएससीही (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) पहिले काही दिवस चालूच ठेवा.

जर्मन कायद्याचं थोडक्यात. स्प्रिंग, चाकं, स्टिअरिंग, एक्झॉस्ट यांतलं काहीही बदलताना त्या भागाला एबीई (रस्त्यावर वापरायची सरसकट मान्यता) आहे की ट्यूफकडून गाडीच्या कागदांत नोंद करावी लागते, हे विकत घेण्याआधी विचारा. नोंद न केलेल्या बदलाने गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. विम्याच्या करारातलं ट्रॅकबद्दलचं कलम शब्दन् शब्द वाचा. बऱ्याच पॉलिसींत ट्रॅकवरचं नुकसान वगळलेलं असतं. नॉर्डश्लाइफे, म्हणजे न्यूरबुर्गरिंगचा जुना लांब ट्रॅक, पहिल्याच वर्षी नको. २०.८ किमीची फेरी, सत्तरच्या वर वळणं, बाजूला पळायला जागा जवळजवळ नाही, आणि गार्डरेल वाकवली तर तिचं बिल तुम्हाला येतं. हॉकेनहाइमसारख्या मोकळ्या जागेवर सुरुवात करा.

चार हजारांतले निदान हजार युरो गाडीत घालूच नका. ते प्रवेश शुल्क आणि शेजारी बसून शिकवणाऱ्या प्रशिक्षकासाठी ठेवा. त्याच्याबरोबरच्या एका दिवसात फेरीची वेळ जितकी उतरते, तितकी दुकानातल्या कुठल्याही भागाने उतरत नाही. सत्राची शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश काढा, पॅडॉकमध्ये हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये उभी करा, आणि चाकं थंड झाली की बोल्ट १२० न्यूटन-मीटरला पुन्हा तपासा.

सबफ्रेम उतरवला की चारही माउंटिंगचे फोटो काढून इथे टाका, खालून आणि डिकीतून, दोन्हीकडून. भेग कुठे आणि किती लांब आहे हे दिसलं, तर नुसत्या प्लेट पुरतील की पत्र्याचा तो तुकडाच बदलावा लागेल, हे मी सांगू शकेन.