दुसऱ्याच्या ब्लॉगचा रिव्ह्यू लिहिताना

ब्लॉगचा रिव्ह्यू कसा लिहायचा हे विचारणारा तुझा मेसेज मिळाला आणि सोबत पाठवलेला तुझा पहिला रिव्ह्यूही वाचला. "ब्लॉग मस्त आहे, कंटेंट छान, फक्त कलर जरा बदल आणि फॉन्ट मोठा कर, लिहीत राहा." वाचून त्या माणसाला बरं वाटलं असणार, पण तो उद्या लॅपटॉप उघडून बसला तर त्याने नेमकं करायचं काय? कुठला कलर, किती मोठा फॉन्ट, आणि छान म्हणजे कुठली पोस्ट छान, कुठली ओळ छान? तू मनापासून लिहिलंयस हे कळतं, म्हणूनच जरा सविस्तर लिहितेय, निवांत वाच.

रिव्ह्यू करणाऱ्याकडे देण्यासारखी एक गोष्ट अशी असते की जी ब्लॉग लिहिणाऱ्याकडे कधीच नसते, ती म्हणजे पहिलं वाचन. त्याने पोस्ट स्वतः लिहिलीय, पुन्हा पुन्हा वाचलीय, थीम स्वतः निवडलीय, त्यामुळे आता त्याला त्यात काहीही दिसेनासं झालंय. तुला दिसतं, आणि तेही एकदाच दिसतं. दुसऱ्यांदा वाचताना तुलाही पुढे काय येणार ते माहीत असतं. म्हणून पहिल्यांदा ब्लॉग उघडशील तेव्हा चुका शोधायला बसू नकोस. फोनवर उघड, कारण बहुतेक वाचक तसाच उघडणार आहे, आणि साधं वाच. मन कुठे भरकटलं, कुठे अंगठा आपोआप खाली सरकायला लागला, कुठे थांबून परत वाचावंसं वाटलं, एवढंच लक्षात ठेव. नोट्स, लॅपटॉप, टूल्स हे सगळं दुसऱ्या फेरीत.

आणि नुसतं होमपेज बघून रिव्ह्यू लिहू नकोस प्लीज. अबाउटचं पान बघ, सगळ्यात ताजी पोस्ट वाच, एक जुनी वाच, आणि लिहिणाऱ्याला स्वतःची आवडती कुठली ते विचारून ती पण वाच. या आवडत्या पोस्टवरून खूप कळतं, त्याला कुठे जायचंय ते तिथे दिसतं, आणि बाकीच्या पोस्टी तिथवर पोचत नसतील तर का पोचत नाहीत हे सांगणं हेच बऱ्याचदा सगळ्यात कामाचं ठरतं.

लिहिणाऱ्यालाच अजून एक गोष्ट विचार, ब्लॉग कोणासाठी लिहितोयस? एकजण नोकरी शोधतोय आणि आपलं काम दाखवतोय, दुसरी आईच्या आठवणी घरच्यांसाठी लिहून ठेवतेय, तिसऱ्याला फक्त रोज काहीतरी लिहायची सवय लावायचीय. तिघांना एकच फूटपट्टी लावलीस तर तिघांवरही अन्याय होईल. आठवणी लिहिणारीला "एकच विषय धर, वाचक वाढतील" असं सांगणं म्हणजे तिने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं. आणि हे विचारल्यावर समोरचा कधीकधी गप्पच होतो, कारण त्याने स्वतःच याचा विचार केलेला नसतो, मग तेवढ्यानेच त्याचं अर्धं काम होऊन जातं.

आता कंटेंट. एक उदाहरण घेऊ. समज कोणीतरी सायकल शिकल्याची आठवण लिहिलीय. पहिला पॅरा बालपण किती सुंदर असतं यावर, दुसरा सायकलचं आयुष्यातलं स्थान, तिसरा आजकालच्या मुलांना हे कळणार नाही वगैरे. आणि चौथ्यात एक ओळ येते, "बाबांनी कॅरिअर कधी सोडला ते मला कळलंच नाही, मी बोलतच होते त्यांच्याशी." पोस्ट सुरू होते ती इथे! आता तू रिव्ह्यूत "सुरुवात लांबट वाटली" असं लिहिलंस तर ती फार तर दोन वाक्यं कापेल, आणि कदाचित चुकीची कापेल. त्याऐवजी असं लिही: "पहिले तीन पॅरे मी भरभर खाली सरकवले. 'मी बोलतच होते त्यांच्याशी' या ओळीला थांबले आणि तिथून पुढे शेवटपर्यंत एका दमात वाचलं. ती ओळ वर आणून बघशील का?" यात तू तिला नापास केलेलं नाहीस, काय झालं ते सांगितलंस, कुठे झालं ते दाखवलंस आणि एक वाट सुचवलीस. निर्णय तिचा.

तिची वाक्यं मात्र तू लिहून देऊ नकोस. मोह होतो, मलाही होतो, कारण आपल्याला ती ओळ आपल्या पद्धतीने ऐकू यायला लागते. पण पर्सनल ब्लॉगमध्ये आवाज हीच तर सगळी मिळकत असते. कोणी "गेलो होतो" ऐवजी "गेलतो" लिहीत असेल, घरच्या बोलीत लिहीत असेल, तर ते दुरुस्त करायला जाऊ नकोस. शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या, त्या जरूर सांग, पण पन्नास चुकांची यादी देऊ नकोस. "की आणि कि मध्ये गोंधळ होतोय, आणि अनुस्वार बऱ्याच ठिकाणी राहतायत" एवढं सांगितलं की माणूस बाकीचं स्वतः शोधतो.

शीर्षकं नक्की बघ. "मनातलं काही", "असंच सुचलेलं", "थोडंसं माझ्याबद्दल", "पुन्हा एकदा मनातलं"... लिहिताना प्रत्येक शीर्षकामागे एक भावना असते हे खरं, पण आर्काइव्हमध्ये अशी तीस शीर्षकं एकाखाली एक लागली की नवीन वाचकाला काहीच कळत नाही, तो एकही उघडत नाही. वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन यांच्या टीमने २००६ मध्ये २३२ लोकांच्या डोळ्यांच्या हालचाली वेब पेज वाचताना रेकॉर्ड केल्या होत्या. लोक वरच्या ओळी आडव्या वाचतात, थोडं खाली आणखी एकदा आडवे जातात, आणि नंतर नजर डाव्या कडेने खाली घसरत जाते असा एकंदर पॅटर्न त्यात निघाला. म्हणजे शीर्षकाचे आणि पॅऱ्याचे पहिले दोन-तीन शब्द जे सांगतील तेवढंच अनेकांपर्यंत पोचतं. हे ब्लॉगरला सांगताना त्याच्याच ब्लॉगमधली दोन शीर्षकं शेजारी ठेवून दाखव, एक उघडावंसं वाटलेलं आणि एक न वाटलेलं.

आता डिझाइनकडे येते, कारण तुझा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच दिसतोय. "मला हा रंग आवडत नाही" आणि "मला हे वाचता येत नाही" ही दोन वाक्यं अगदी वेगळी आहेत. पहिलं तुझ्या आवडीबद्दल आहे, ते शक्यतो स्वतःकडेच ठेव. दुसरं वाचकाच्या त्रासाबद्दल आहे आणि ते सांगायलाच हवं. शंका असेल तर एक सोपा प्रयोग कर. सफारी, फायरफॉक्स अशा ब्राउझरमध्ये रीडर मोड असतो, तो सगळी सजावट काढून फक्त मजकूर दाखवतो. तीच पोस्ट त्यात उघडून वाच. तिथे एकदम सुटसुटीत वाटली तर अडचण डिझाइनमध्ये होती, आणि तिथेही तशीच कंटाळवाणी वाटली तर रंग बदलून काही होणार नाहीये, लिखाणाबद्दलच बोलावं लागेल. हे न करता लोक उगाच थीम बदलत बसतात, दर महिन्याला नवीन थीम, पोस्ट मात्र त्याच.

वाचता येतं की नाही हे बऱ्याच अंशी मोजताही येतं, आणि मोजलेलं सांगितलं की वाद होत नाही. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या अॅक्सेसिबिलिटीच्या, म्हणजे वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, गाइडलाइन्स आहेत, डब्ल्यूसीएजी म्हणतात त्याला. त्यानुसार साध्या मजकुराचा आणि बॅकग्राउंडचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोघांच्या उजळपणातला फरक, कमीत कमी ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांना ३:१ चालतो. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ही जी फॅशन आहे ती इथे हमखास नापास होते. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये रंगावर क्लिक केलं की हा आकडा समोर येतो. याच गाइडलाइन्समध्ये अक्षरं २०० टक्के मोठी केली तरी काही कापलं जाऊ नये असंही आहे, ते झूम करून अर्ध्या मिनिटात बघता येतं. आणि पान उघडताच आपोआप गाणं वाजणं, ते ३ सेकंदांपेक्षा जास्त वाजणार असेल तर बंद करायची सोय हवीच. माझं स्पष्ट मत, आपोआप काहीच वाजू नये.

मराठी ब्लॉग असेल तर अजून एक गोष्ट बारकाईने बघ, कारण तयार थीम्स बहुतेक रोमन अक्षरं डोळ्यासमोर ठेवून केलेल्या असतात. देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. ओळींमधलं अंतर कमी असलं की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला जाऊन चिकटतो आणि डोळे थकतात, पण का थकले ते वाचकाला कळत नाही. लाइन हाइट फॉन्टच्या साइझच्या दीडपट, शक्य असेल तर त्याहून थोडी जास्त करून बघायला सांग. काही थीम्समध्ये हेडिंगला लेटर स्पेसिंग, म्हणजे अक्षराअक्षरात जास्तीचं अंतर, दिलेलं असतं, इंग्रजीत ते देखणं दिसतं पण आपल्याकडे शिरोरेखाच तुटते आणि शब्द विस्कटून जातो. त्यावर उपाय सोपा, ते शून्य करायचं. ब्लॉगरला मात्र हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, त्याला वाटतं फॉन्टच वाईट आहे.

फोटोंचं थोडक्यात. १२ मेगापिक्सेलचा फोन फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि ब्लॉगचा कॉलम बऱ्याचदा ७०० च्या आसपास, म्हणजे तो फोटो तसाच चढवला असेल तर वाचकाचा डेटा आणि वेळ दोन्ही फुकट. गूगलचा निकष असा आहे की पानावरचा सगळ्यात मोठा भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा. हे सांगताना मात्र समोरच्याला काय बदलता येतं ते आधी विचार. फुकटच्या प्लॅटफॉर्मवर बऱ्याच ठिकाणी सीएसएसला, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडला, हात लावता येत नाही, अशा माणसाला कोड सुचवून उपयोग नाही, फोटो लहान करून चढव आणि साइडबारमधलं कॅलेंडर, व्हिजिटर काउंटर काढून टाक एवढं तो आज करू शकतो.

एक सल्ला देताना जपून, पोस्टच्या लिंक्स बदलायचा. रचना नीटनेटकी करायच्या नादात जुन्या यूआरएल बदलल्या की लोकांनी कुठे कुठे शेअर केलेल्या लिंक्स मरतात. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच वेबवरचे पत्ते बदलू नका म्हणून कळकळीने लिहून ठेवलंय. बदल अगदी करायचाच असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर रीडायरेक्ट लावायला सांग, म्हणजे जुनी लिंक उघडणारा आपोआप नव्या पानावर पोचेल, ते जमत नसेल तर राहू दे जुनंच.

आणि काही गोष्टी सगळ्यांसमोर लिहायच्याच नाहीत. कोणी पोस्टमध्ये शेजाऱ्याचं भांडण नावासकट लिहिलंय, मुलीच्या शाळेचं नाव फोटोत दिसतंय, घरी काढलेला फोटो मूळ फाइलसकट चढवलाय, तर ते खाजगीत आणि लगेच सांग. फोनच्या फोटोत लोकेशनची माहिती साठवलेली असू शकते आणि प्रत्येक प्लॅटफॉर्म ती काढून टाकतोच असं नाही, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

रिव्ह्यूच्या मांडणीबद्दल. आधी कौतुक, मग टीका, शेवटी परत कौतुक हा साचा मला पटत नाही, लोकांना तो लगेच ओळखू येतो आणि मग खरं कौतुकही त्यांना खोटं वाटायला लागतं. जे आवडलं ते नेमकं सांग, ओळ उतरवून दाखव, का आवडलं ते सांग, मग ते रिव्ह्यूत कुठेही आलं तरी चालतं. कमतरता सांगताना तुला वीस दिसल्या तरी दोन-तीनच निवड, ज्या बदलल्यावर सगळ्यात जास्त फरक पडेल अशा. बाकीच्या पुढच्या वेळी. तीनच पोस्टी लिहिलेल्या माणसाला तर फक्त एक सांग, आणि शक्यतो लिखाणातली, डिझाइन नंतर बघता येतं.

दहापैकी मार्क देऊ नकोस. दहापैकी सहा मिळाल्यावर माणूस आपल्या आईवर लिहिलेल्या पोस्टकडे कसं बघेल याचा विचार कर. आणि मागितल्याशिवाय कोणाच्या ब्लॉगचा रिव्ह्यू करू नकोस, कितीही मदत करावीशी वाटली तरी. दिलेला सल्ला नाही ऐकला तर पाठपुरावा करू नकोस, त्याचं घर आहे, त्याला हवं तसं लावू दे.

तुझ्याकडे आता तो पक्ष्यांच्या फोटोंचा ब्लॉग आलाय म्हणालास ना, तो आधी फोनवर एकदा नुसता बघून घे. मग फोटोंचा ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोमागे लिहिलेलं त्याचं वर्णन, तपास, कारण स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या वाचकाला तेवढंच ऐकू येतं, आणि तिथे "आयएमजी" आणि पुढे चार आकडे असं काही असेल तर त्याच्या हाती काहीच लागत नाही. एका फोटोसाठी तो काय लिहू शकेल ते त्याच्याशी बोलून ठरव, तू लिहून देऊ नकोस. रिव्ह्यूचा ड्राफ्ट त्याला पाठवायच्या आधी मला पाठव, शनिवारी सकाळी मी मोकळी आहे, एकत्र बसून बघू.

तुझी,
ताई