बुडालेल्या जहाजांवर करिअर: डायव्हिंग नंतर, आधी कागद

ताई, तुमचं पत्र वाचलं. लेक अलिबागला एफवायबीएला, पोहण्यात पटाईत, आणि यूट्यूबवर गुलामांना अमेरिकेत नेणाऱ्या क्लॉटिल्डा जहाजाबद्दल बघितल्यापासून एकच धोशा, मला गुलामांची बुडालेली जहाजं शोधायचीत. तुम्ही विचारताय हे करिअर आहे की खूळ, आणि आर्ट्स घेतलं म्हणजे गाडी चुकली का. गाडी अजिबात चुकलेली नाही, खूळही नाही, फक्त तिला जे दिसतंय ना, निळं पाणी आणि डायव्हिंग सूट, तो या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे.

साओ जोझेचंच घ्या. पोर्तुगीज जहाज, मोझांबिकहून ५०० हून जास्त माणसं कोंबून ब्राझीलला निघालेलं, डिसेंबर १७९४ मध्ये केपटाऊनजवळ खडकावर आपटून फुटलं, दोनशेच्या वर माणसं बुडाली आणि जी वाचली ती तिथेच विकली गेली. १९८० च्या दशकात खजिना शोधणाऱ्यांना हे जहाज सापडलं होतं, पण त्यांना वाटलं कुठलं तरी जुनं डच जहाज असेल. पुढे केपच्या दफ्तरखान्यात कप्तानाचा जबाब मिळाला, पोर्तुगालच्या कागदांत जहाजावर लोखंडी वजनं चढवल्याची नोंद मिळाली, आणि खाली डायव्हरना तीच लोखंडं दिसली तेव्हा कुठे ओळख पटली. लोखंड कशाला, तर माणसं मालापेक्षा हलकी, जहाज डोलू नये म्हणून तळाशी वजन टाकायचे. हे वाचून पोटात गोळा येतो, पण पुरावा म्हणतात तो हा.

दुसरं म्हणजे माणसं. क्लॉटिल्डा १८६० मध्ये ११० आफ्रिकन लोकांना चोरून अलाबामात घेऊन आलं, गुलाम आणण्यावर बंदी तर १८०८ पासूनच होती, म्हणून पुरावा नको म्हणून जहाज जाळून टाकलं. जहाज सापडल्याचं जाहीर झालं २०१९ ला, पण तिथल्या आफ्रिकाटाऊन वस्तीत राहणारे त्या लोकांचे वंशज पिढ्यानपिढ्या तेच सांगत होते, ऐकून घेणारे कमी होते इतकंच. म्हणून आता या कामात वंशजांशी बोलणं, शाळांमध्ये शिकवणं, स्थानिक पोरांना डायव्हिंग शिकवून सोबत घेणं, हे सगळं येतं. फ्लोरिडात डायव्हिंग विथ अ पर्पज नावाचा ग्रुप १८२७ मध्ये बुडालेलं गरेरो हे गुलामांचं जहाज शोधता शोधता हेच करत आलाय, आणि त्यात बरेचसे व्हॉलंटियर आहेत, पोटापाण्याचं काम वेगळं. हे तिला आत्ताच स्पष्ट सांगा, कारण पूर्णवेळ नोकऱ्या मोजक्याच आहेत.

आता रस्ता. बीए इतिहासात पूर्ण करू दे, मग पुण्याला डेक्कन कॉलेजमधून आर्किऑलॉजीत, म्हणजे पुरातत्त्वात एमए. आपल्याकडे समुद्राखालचं काम गोव्याची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) आणि एएसआयची (भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची) अंडरवॉटर विंग करते, पुढे साउदॅम्प्टन, टेक्सास ए अँड एम वगैरे परदेशी युनिव्हर्सिट्या, पण ते खर्चाचं प्रकरण आहे. माझं ऐकाल तर तिला पोर्तुगीज शिकवा, गोवा युनिव्हर्सिटीत शिकवतात. पोहणारी पोरं खूप मिळतात हो, जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर वाचणारी शोधून सापडत नाहीत, आणि गोव्याच्या पुराभिलेखात असल्या कागदांचे ढीग आहेत.

आणि अलिबागला राहून आफ्रिकन वारसा अमेरिकेत शोधायचा म्हणजे कमालच, मुरुड-जंजिरा शेजारी आहे! सिद्दी मूळ आफ्रिकेतून आलेले, पण जंजिऱ्यावर त्यांचं राज्य होतं, १९४८ पर्यंत, म्हणजे गोष्ट नुसती गुलामीची नाहीये. लोक जातात, कलालबांगडी तोफेसोबत फोटो काढतात आणि परत येतात. या सुट्टीत तिने जंजिऱ्यावर काय काय छापलंय ते वाचून काढावं आणि शाळेतल्या पोरांसाठी दोन पानं लिहावीत. सिद्दी कुटुंबांकडे जायचं तर ओळखीतून, आधी विचारून, मोबाईल खिशात ठेवून. कंटाळली तर कळेलच, आणि नाही कंटाळली तर पुढचं बोलू.

डायव्हिंगची घाई नको. तारकर्लीला ओपन वॉटर कोर्स होतो, १८ मीटरपर्यंतचा, पण आधी डॉक्टरला कान आणि दमा दाखवून घ्या, आणि बुकिंग पावसाळा संपल्यावरचं करा, त्याआधी पाण्यात काही दिसत नाही.